गोपाळबाबांची खुर्ची, रॉबर्ट स्मॉल्सची खुर्ची

(चिंचपाडा, ता. नवापूर येथील शिबिरात केलेले भाषण. बोललो तसेच बहुतेक ठेवले आहे.)



मला विषय दिला होता अमेरिकेतल्या गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकातला एखादा पुढारी घ्या आणि त्याचं राजकारण सांगा. मी म्हटलं सांगतो, पण एकटा अमेरिकन सांगणार नाही. आपल्याला बाहेरचा माणूस लवकर आवडतो. लिंकन आवडतो, मार्टिन ल्यूथर किंग आवडतो, त्यांचे फोटो आपण भिंतीला लावतो. आणि महाडच्या रावढूळ गावचा गोपाळबाबा वलंगकर कोण, असं विचारलं की निम्मी पोरं जमिनीकडे बघायला लागतात. म्हणून आज दोघं. एक गोपाळबाबा, दुसरा साउथ कॅरोलिना राज्यातल्या बोफर्टचा रॉबर्ट स्मॉल्स. दोघांची कधी भेट नाही, पत्र नाही, एकाला दुसऱ्याचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण १८९५ हे एक साल दोघांच्या आयुष्यात आहे, आणि त्या सालात दोघंही एकेका खुर्चीवर बसले होते. खुर्ची हा आपला आजचा विषय आहे. तुमच्या इथं लोकसभा राखीव, विधानसभा राखीव, ग्रामपंचायती राखीव. तेव्हा खुर्चीबद्दल बोलायला चिंचपाड्याइतकी चांगली जागा कुठली?

आधी गोपाळबाबा.

महार जातीत जन्म, गाव रावढूळ, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, आता रायगड. त्या काळी महाराच्या पोराला गावकीतून, येसकरीतून, मेलेलं ढोर ओढण्यातून सुटायला एकच दार होतं. कंपनी सरकारची पलटण. मुंबईच्या फौजेत महार अठराव्या शतकापासून भरती होत होते. भीमा कोरेगावच्या खांबावर नावाच्या शेवटी 'नाक' लागलेली नावं कोणाची आहेत हे तुम्हाला सांगायला नको. फौजेत गेलं म्हणजे नुसता पगार नव्हे. फौजेत शाळा होती. शिपायाला आणि शिपायाच्या पोरांना अक्षर मिळायचं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ असल्याच लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ त्याच्या हातात फौजेने पाटी दिली. इंग्रजाने दया केली असं समजू नका, त्याला हुकूम वाचणारा शिपाई पाहिजे होता. पण अक्षर एकदा आत गेलं की ते कोणाच्या मतलबासाठी आत आलं हे विसरून स्वतःचं काम सुरू करतं.

गोपाळबाबा हवालदार होऊन १८८६ साली पेन्शनीत निघाले आणि दापोलीला राहिले. दापोलीत अशा पेन्शनरांची वस्तीच होती. आता बघा काय गंमत आहे ती. हे लोक साहेबाच्या बरोबरीने लढलेले, छातीवर बिल्ले, हातात सरकारी पेन्शन, लिहिता वाचता येणारे. आणि त्यांची पोरं दापोलीच्या सरकारी शाळेत गेली की आत घ्यायला नकार. अर्ज केले, विनंत्या केल्या, तेव्हा बसायची जागा कुठली मिळाली, तर व्हरांडा. बाप रणांगणात पुढच्या रांगेत, पोरगा शाळेच्या बाहेर. त्याच दापोलीत पुढे लहानग्या भीमरावाचं घर काही काळ होतं. हा योगायोग मी फार ताणत नाही, पण त्या पेन्शनरांच्या वस्तीत जे बोललं जात होतं ते हवेत होतंच.

गोपाळबाबांवर जोतीरावांचा पक्का संस्कार. सत्यशोधकांशी संबंध. 'दीनबंधु'त लिहायचे, आगरकरांच्या 'सुधारका'तही लिहायचे. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' काढलं. त्यात त्यांनी धर्माच्या ठेकेदारांना प्रश्न घातले. हे लक्षात घ्या, शिव्या नाहीत, रडगाणं नाही, प्रश्न. विटाळ म्हणजे काय, तो कुठून आला, जन्माने का लागतो, सांगा. उत्तर देणाऱ्याला पोथी उघडावी लागावी आणि पोथी उघडली की तोच अडकावा, असा डाव. फौजेतल्या माणसाची ही रीत आहे. १८९० च्या सुमारास त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' स्थापन केली. नाव आज जड वाटतं. पण त्या नावातला 'अनार्य' हा शब्द बघा. जोतीरावांनी सांगितलं होतं की आर्यभट बाहेरून आले आणि इथल्यांना गुलाम केलं. गोपाळबाबांनी तो शब्द घेऊन आपल्या संस्थेच्या कपाळावर लावला. आम्ही अनार्य, म्हणजे आम्ही इथले. चिंचपाड्याच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

आणि तेवढ्यात फौजेचं दार बंद झालं. सरसेनापती रॉबर्ट्स आणि त्याची मंडळी म्हणायला लागली, काही जाती लढवय्या आणि काही नाहीत. पंजाबी, पठाण, गुरखा लढवय्ये. महार नाहीत. शंभर वर्षं लढलेली माणसं एका सिद्धांतात बिगर-लढवय्यी झाली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबली. म्हणजे नुसती नोकरी गेली नाही, शाळा गेली, पेन्शन गेली, गावाबाहेर पडायची एकमेव वाट गेली.

गोपाळबाबांनी १८९४ साली सरकारकडे पाठवण्यासाठी अर्ज तयार केला. त्यात त्यांनी मांडलं की आम्ही मूळचे क्षत्रिय, दुष्काळात पोटासाठी निषिद्ध खावं लागलं म्हणून खाली ढकलले गेलो. आता इथं आपले काही हुशार मित्र गोपाळबाबांना पकडतात. एकीकडे अनार्य म्हणायचं, दुसरीकडे क्षत्रिय म्हणायचं, हे काय? माझं म्हणणं असं आहे की ज्याच्या दारावर आपण उभे आहोत त्याने दारावर 'फक्त क्षत्रिय' अशी पाटी लावली असेल तर बाहेर उभा असलेला माणूस काय करील? तो पाटीची भाषा बोलेल. मला ती भाषा आवडत नाही. पण त्याच्यामागे हजारो घरांची चूल होती. पुस्तकात बसून शुद्ध राहणं सोपं आहे. असं सांगतात की पुण्याच्या पेन्शनरांनी त्या अर्जावर सह्या केल्या नाहीत, पेन्शन जाईल म्हणून भ्यायले. ह्याच्यावर हसू नका. पेन्शन म्हणजे काय ते ज्याला मिळत नाही त्याला विचारा.

आता १८९५. त्या साली सरकारने गोपाळबाबांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर सभासद नेमलं. नेमलं, निवडून आले नाहीत. मतदानाचा हक्कच इस्टेटीवर होता, महाराला कुठली इस्टेट? हे लोकल बोर्ड म्हणजे आजच्या पंचायत समितीचं आजोबा समजा. १८८४ च्या कायद्याने ती झाली. सारा एक रुपया असला तर त्यावर एक आणा लोकल फंड, आणि त्या फंडातून रस्ते, विहिरी, तळी, धर्मशाळा, प्राथमिक शाळा. ही यादी नीट ऐका. विहीर, तळं, धर्मशाळा, शाळा. ज्या चार ठिकाणी महाराला पाय ठेवायला बंदी, नेमकी तीच चार ठिकाणं बांधणाऱ्या बोर्डावर एक महार.

सवर्ण सभासदांना काय वाटलं असेल? त्यांना ही नेमणूक रुचली नाही. शेजारी बसायचं कसं हा प्रश्न पडला. वर्तमानपत्रातून चर्चा झाली. म्हणजे विहीर कुठं खणायची हा प्रश्न मागे पडला आणि महार कुठं बसेल हा प्रश्न पुढे आला. एकशे तीस वर्षं झाली. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाला स्वातंत्र्यदिनी झेंड्याच्या दोरीपासून दूर ठेवल्याच्या बातम्या आपण अजून वाचतो. मी स्वतः एका कचेरीत नोकरीला लागलो तेव्हा माझ्यासाठी टेबल होतं, खुर्ची "येणार आहे" असं सांगितलं होतं. ती यायला चार महिने लागले. कचेरीचं नाव सांगत नाही, अशा कचेऱ्या बऱ्याच आहेत.

आता समुद्रापलीकडे जाऊ.

रॉबर्ट स्मॉल्स १८३९ साली बोफर्टला गुलाम म्हणून जन्मला. चार्ल्स्टन बंदरात मालकाने त्याला भाड्याने कामाला लावला, मजुरी मालकाच्या खिशात. तिथं तो जहाज चालवायला शिकला. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, गुलामगिरी टिकवायला दक्षिणेची राज्यं फुटून निघाली. स्मॉल्सला 'प्लँटर' नावाच्या त्यांच्या लष्करी बोटीवर कामाला घातलं. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले होते. तेवीस वर्षांच्या या पोराने कप्तानाची टोपी घातली, बोट सुरू केली, वाटेत बायका-पोरं चढवून घेतली, एकूण सोळा माणसं. वाटेत किल्ले होते, तोफा होत्या. प्रत्येक ठिकाणी त्याने कप्तान द्यायचा तशीच बरोबर शिट्टी दिली. अंधारात टोपी दिसली आणि शिट्टी ऐकू आली, किल्ल्याने जाऊ दिलं. उजाडायच्या सुमाराला बोट तोफांसकट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली.

ही गोष्ट तिथं पोरांच्या पुस्तकात आहे. मला तिच्यापेक्षा त्यानंतरची जास्त महत्त्वाची वाटते. त्याच ऑगस्टमध्ये तो वॉशिंग्टनला गेला आणि काळ्यांना फौजेत घ्या म्हणून सांगणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. साउथ कॅरोलिनात पाच हजार काळ्यांची भरती करायची परवानगी निघाली. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या फौजेत पावणेदोन लाखांवर काळे शिपाई होते. तिथं फौजेचं दार उघडलं तेव्हा स्मॉल्स तिथं होता, आणि इथं ते बंद झालं तेव्हा गोपाळबाबा हातात अर्ज घेऊन उभे होते. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. जोतीरावांना पुण्यात बसून तिकडचं दिसत होतं. पण मुक्त करण्यात मुक्त होणाऱ्यांचाही हात होता, आणि हात चांगलाच भाजला होता.

युद्धानंतर स्मॉल्स बोफर्टला परतला. ज्या मालकाच्या घरात तो गुलाम होता ते घर सरकारने कर थकला म्हणून लिलावात काढलं, ते त्यानेच विकत घेतलं. १८६८ साली राज्याची नवी घटना करायला बसलेल्या परिषदेत तो होता. तिथं त्याने सर्वांना मोफत सार्वजनिक शाळा पाहिजेत म्हणून ठराव आणला. हा माणूस स्वतः मोठेपणी, गुलामगिरीतून सुटल्यावर वाचायला शिकला. मग राज्याचं विधिमंडळ, आणि १८७५ पासून देशाच्या काँग्रेसमध्ये खासदार. मध्ये पाडला गेला, पुन्हा आला, १८८७ पर्यंत असं चाललं.

पाडला कसा गेला ते ऐका. १८७६ ची निवडणूक आली तेव्हा गोऱ्यांच्या लाल सदरेवाल्या टोळ्या बंदुका घेऊन सभांमध्ये शिरायच्या. त्या जुलैत हॅम्बर्ग गावात काळ्या शिपायांची कत्तल झाली. १८७७ ला दक्षिणेतली सरकारं वाचवणारी फौज केंद्राने मागे घेतली. त्याच साली स्मॉल्सवर पाच हजार डॉलर लाच घेतल्याचा खटला, तीन वर्षांची शिक्षा. १८७९ ला माफी मिळाली, कशी, तर निवडणुकीत गुंडगिरी केलेल्या गोऱ्यांवरचे खटले मागे घ्यायच्या सौद्यात. काळा आणि गोरा असा साट्यालोट्याचा हिशेब. स्मॉल्स धुतल्या तांदळासारखा होता की नाही याच्यावर मी इथं शपथ घेत नाही. मी एवढंच बघतो की फाईल कधी उघडते आणि कधी मिटते. आपल्यातला एखादा खुर्चीत नीट बसायला लागला की त्याची फाईल उघडते. गप्प बसला की तीच फाईल कपाटात जाते.

आणि मग १८९५. साउथ कॅरोलिनात काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त. बेन टिलमन नावाचा गोऱ्यांचा पुढारी, हॅम्बर्गच्या कत्तलीत आपण होतो असं उघड छाती ठोकून सांगणारा. त्याने नवी घटना लिहायला परिषद बोलावली, आणि काळ्यांचं मत काढून घ्यायचं हा हेतू लपवला नाही. १८६८ च्या परिषदेत काळ्यांचं बहुमत होतं. १८९५ ला एकूण काळे सहा. त्यातले पाच बोफर्टचे, एक स्मॉल्स.

मेख अशी होती की देशाच्या राज्यघटनेत १८७० पासून लिहिलं होतं, वर्णावरून कोणाचं मत नाकारता येणार नाही. म्हणून टिलमनच्या घटनेत काळा हा शब्दच नाही. त्यात काय आहे? मतदाराला घटनेतलं कलम वाचता आलं पाहिजे. वाचता येत नसेल तर तीनशे डॉलरची मालमत्ता पाहिजे. डोईपट्टी भरलेली पाहिजे. सुरुवातीच्या काळापुरती एक पळवाटही ठेवली, कलम वाचून दाखवल्यावर समजलं तरी चालेल. समजलं की नाही हे कोण ठरवणार? गोरा कारकून. अडाणी गोऱ्याला ते झटकन समजायचं, शिकलेल्या काळ्याला काही केल्या समजत नसे. ज्या माणसाने शाळा कायद्यात घातली, त्याच्याच समोर वाचता येणं हे कुलूप बनवलं गेलं. मित्रांनो, तुमच्या मार्कशीटवर, तुमच्या इंटरव्ह्यूवर, 'नॉट फाउंड सुटेबल' या शेऱ्यावर जात लिहिलेली नसते. तिथंही नव्हती.

सहा जण भांडले. काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी घालायचं कलम आलं तेव्हा स्मॉल्सने सूचना मांडली, की मग जो गोरा काळ्या बाईबरोबर राहील त्याला सरकारी पदावर बसता येणार नाही, आणि त्या पोराला बापाचं नाव आणि वारसा मिळाला पाहिजे. सभागृहात किती जणांच्या घोटाळ्याचं झालं असेल याची कल्पना करा. आपल्याकडे गावातल्या वाड्यांत आणि मळ्यांत काय झालं, कोणाच्या पोराला कोणाचं नाव मिळालं नाही, हे या मागे बसलेल्या बायांना जास्त ठाऊक. सूचना अर्थातच पडली. शेवटी घटनेवर सही करायची वेळ आली तेव्हा स्मॉल्सने सही केली नाही. सही नाही तर प्रवासखर्च नाही असं कोणी म्हटलं, तर तो म्हणाला म्हणतात, घरी पायी जाईन.

त्यानंतर काय झालं? साउथ कॅरोलिनातून शेवटचा काळा खासदार १८९७ ला बाहेर पडला. पुढचा १९९३ ला आत गेला. शहाण्णव वर्षं. १९६५ च्या सुरुवातीला अलाबामातल्या लाउंड्स कौंटीत शंभरात ऐंशी माणसं काळी, आणि मतदार यादीत काळा एकही नाही. तिथल्या लोकांनी पक्ष काढला, निवडणुकीला निशाणी पाहिजे होती, त्यांनी काळा पँथर घेतला. १९६६ ला ऑकलंडच्या पोरांनी तो उचलला आणि १९७२ ला मुंबईच्या पोरांनी त्यांच्याकडून. आपण शर्टावर जो पँथर लावतो तो मुळात मतपत्रिकेवरचा पँथर आहे, हे किती जणांना माहीत आहे? आपल्यात असे मित्र आहेत की निवडणूक म्हटलं की थुंकतात. थुंका, पण माहिती घेऊन थुंका.

आता दोघांना शेजारी बसवून बघू. स्मॉल्सच्या मागे लोक होते. १८७८ साली लाल सदरेवाल्यांनी त्याला एका गावात दुकानात कोंडलं तेव्हा आजूबाजूचे काळे लोक धावून आले आणि तो जिवंत सुटला. बोफर्टमध्ये त्याला वीस वर्षं कोणी हलवू शकलं नाही ते या लोकांमुळे. त्याला घालवायला अख्खी घटना बदलावी लागली. गोपाळबाबांच्या मागे काय होतं? एक लहानशी मंडळी, काही पेन्शनर, दोन वर्तमानपत्रांतल्या जागा. खुर्ची साहेबाच्या सहीने मिळालेली, मतांनी नव्हे. असा माणूस बोर्डात विहिरीचा प्रश्न काढील तरी त्याच्या बाजूने हात कोण वर करणार? त्याच १८९५ च्या डिसेंबरात पुण्यात राष्ट्रसभा भरली, आणि सामाजिक परिषदेला तिच्या मांडवात जागा दिली नाही. नुसत्या सुधारणेचं नाव मांडवात चालत नव्हतं, तिथं महाराचं पाणी कोण काढणार?

गोपाळबाबा १९०० साली वारले. फौजेचा अर्ज पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी उचलला, १९१० ला थेट विलायतेच्या मंत्र्यापर्यंत नेला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडली. १९४१ ला पुन्हा. म्हणजे मरायला माणूस लागला की आपण लढवय्ये.

आणि विहिरीचं? ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव झाला. सरकारी पैशातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. तीच चार ठिकाणं. महाड नगरपालिकेने १९२४ ला तो मान्य केला, चवदार तळं कागदावर खुलं झालं. तीन वर्षं कोणी ओंजळ भरली नाही, कारण भरली तर डोकं फुटणार. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. डोकी फुटलीच. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. त्या मार्चमधल्या गर्दीत पेन्शनर शिपायांची घरं पुष्कळ होती. महाड उगाच निवडलं नव्हतं. तो मुलूख तीस-चाळीस वर्षं तापत होता आणि पहिली काडी टाकणारा रावढूळचा हवालदार होता.

एका पोराने सकाळी मला विचारलं, मग सर, राखीव जागा घ्यायची की नाही? अरे बाबा, घ्यायची. सोडायला ती कोणी दान दिलेली नाही. पण घेताना विचार, ही जागा कोणाच्या मताने, कोणाच्या सहीने, आणि तुझ्यामागे दुकान वेढायला किती माणसं येतील. तुमच्या शेजारी शहाद्यात १९७२ ला आदिवासी शेतमजुरांनी श्रमिक संघटना बांधली, मुंबईत पँथर निघाली तेच साल. त्यांच्याकडे एकही खुर्ची नव्हती, आणि जमीनदार त्यांना भ्यायला लागले. दोन्ही गोष्टी एकदम लागतात.

आता दुपारच्या गाडीची वेळ होत आली. एक काम सांगतो आणि बसतो. पेसा कायदा १९९६ चा आहे, तुमच्या ग्रामसभेला त्यात जे अधिकार आहेत त्यांची नक्कल इथं वहीत आहे, दोघांनी उतरवून घ्या. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा आधी मागच्या सभेचं प्रोसिडिंग मोठ्याने वाचून घ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते वाचून होईपर्यंत कोणी सही करायची नाही, अंगठाही द्यायचा नाही. आणि सरपंचबाई कुठं बसल्यात ते बघा. बाजूला, स्टुलावर बसवल्या असतील तर सभा तिथंच थांबवा.